केट्टुनेनसाहेबांची सौनाची वेळ

कायस्लायार्वी, शनिवार

तीर्थस्वरूप सायमी आत्यास, याल्मारीचा दंडवत.

तुझा गुडघा कसा आहे? उणे सव्वीस अंश थंडी म्हणजे कुरकुरत असणारच. मी खुशाल आहे, निदान सोमवारी सकाळी नऊपर्यंत. नऊला केट्टुनेनसाहेबांनी बोलावलंय. ते इथल्या शाळेचे मुख्याध्यापक. माझी नोकरी आणि शाळेच्या माळ्यावरची गरम खोली, दोन्ही त्यांच्या हातात. अर्धी पिशवी भरून ठेवली आहे. (बटाटे काढायचं काम का सुटलं ते भेटीत सांगेन. बोटीवरच्या स्वयंपाकघराचं तर विचारूच नकोस.)

नोकरी म्हणजे परदेशातून आलेल्या आठ जणांना फिनिश शिकवणं. मला ती येते, पण कशी येते ते कुठं ठाऊक! ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ घरात, ‘तालोस्सानि’ माझ्या घरात, ‘तालोस्सानिकिन’ माझ्याही घरात. असे प्रत्यय जोडत गेलो तर फळा संपला आणि मी भिंतीवर लिहायला लागलो. तेवढ्यात दिलमाया (नेपाळची, वृद्धाश्रमात काम करते, सगळं वहीत उतरवते, अशा माणसांची मला धास्ती वाटते) म्हणाली, “सर, दुकाना‘त’, मग स्टेशन‘वर’ का? आपण काय छपरावर चढतो?” मी म्हटलं, “कानाला बरं वाटतं म्हणून.” तिनं तेही उतरवलं.

म्हणून गुरुवारी ठरवलं, आता प्रत्यय पायांनी शिकवायचे. तळ्याकाठी शाळेची सौना आहे, तापल्या दगडांपाशी बाकांवर बसून घाम काढायची लाकडी खोली. आत जाताना ‘सौनाऽन’, आत असताना ‘सौनास्सा’, बाहेर पडताना ‘सौनास्ता’. दारावरचा वेळांचा तक्ता मी पाहिला होता, शप्पथ! तीन ते चार कुणाचंच नाव नव्हतं. ती वेळ बावीस वर्षं साहेबांची आहे आणि गावाला पाठ असल्यामुळे कुणी लिहीतच नाही, हे मला कोण सांगणार? (भट्टी विजेची, म्हणजे आत कुणी आहे हे सांगायला धूरही नाही.)

आठ माणसं, कोट-टोप्या-बुटांसकट, एका सुरात ‘सौनाऽन’ म्हणत आत घुसली. वरच्या बाकावर साहेब. अंगावर घामाशिवाय काही नाही. आत्या, दुसऱ्याच्या वेळेत सौनात शिरण्यापेक्षा त्याच्या घरी चोरी केलेली परवडली. भट्टीवरचे दगड चरचरत होते. दिलमायानं वही डोळ्यांसमोर धरून विचारलं, “सर, आता ‘सौनास्सा’ ना?”

“दार!” साहेब ओरडले. “ऊब चालली सगळी!”

आणि मी, हाडाचा फिनिश माणूस, दार लावलं. आतून.

पुढचं सांगवत नाही. बाहेर पडताना आठही जण ‘सौनास्ता’ अगदी अचूक म्हणाले; तीन आठवडे तोंड न उघडलेला यूसुफसुद्धा. पण साहेबांनी बादलीआडून “सोमवारी, नऊ” एवढंच म्हटलं.

तुझा,
याल्मारी

ता. क. तू तीस वर्षं फिनिश शिकवलंस. बुधवारच्या बसनं ये, आणि हा वर्ग तूच घे. मी कॉफी करीन.

ता. क. (सोमवार, साडेनऊ) येऊ नकोस! तुझं नाव काढताच साहेब उठून उभे राहिले आणि कोटाची बटणं लावली. शाळेत असताना तू त्यांना फिनिशमध्ये दोनदा नापास केलंस म्हणे. नोकरी मेपर्यंत पक्की. अट एकच, तू इकडे फिरकायचं नाहीस. पंधरा विभक्तींची नावं तेवढी लिहून पाठव. दोन प्रती. एक साहेबांना हवीय.