गूळ म्हणजे काय साखर हाय?

आबा, तुमची मुलगी पणजी झाली. हसू मावेना नुसतं. आमच्या नातीला मुलगी झाली, पाच दिवसांची आहे, आणि नाक थेट तुमच्यासारखं फेंदारलेलं. शाळा माझी तिसरीतच सुटली, अक्षर वाकडंतिकडं चाललंय, पण सांगितल्याशिवाय राहवेना. बाळीला गुळाचं बोट चाटवायचा मान मला दिला, तर माझा हातच पुढं जाईना. डॉक्टरीणबाई रागावतील म्हणाले आणि सुटले. खरं कारण तुम्हाला सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता. दुसऱ्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते, ऐन थंडीत, आपलं गुऱ्हाळ चालू असताना. तुम्ही गुळवे, काहिलीतला रस कुठवर आलाय ते नुसत्या वासावर ओळखायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून सांगितलं, लघवीतून साखर जातीय, साखर एकदम बंद. तुम्ही एसटीत बसल्या बसल्या हसायला लागलात. "आपण कुठं गं साखर खातो? ती कारखान्याची, रेशनवरची, पाव्हण्यांसाठी. आपलं रानातलं हाय. गूळ म्हंजी काय साखर हाय?" मलाही पटलं. घरात कुणालाच वेगळं माहीत नव्हतं. त्या दिवसापासून चहा गुळाचा, आणि संध्याकाळी भाकरीबरोबर वाटीभर काकवी, गूळ घट्ट व्हायच्या आधी काढून ठेवलेली, पातळ. वाढायची मीच. तुम्ही वाटी बोटानं पुसून खायचा आणि म्हणायचा, "औषध हाय बघ ह्ये."

पण पायाच्या अंगठ्याची जखम काही भरेना. पुन्हा मिरज. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं, तुम्ही बाहेर बाकावर. "साखर कोण देतं ह्यांना?" मी तान्ह्या लेकराची शपथ घेतली, कणभर नाही म्हणाले. "मग गोड काय खातात?" मी काकवीचं नाव काढलं, आणि तेही अगदी तोऱ्यात. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, ती साखरच की!"

बाहेर आले तर तुम्ही विचारलंत, काय म्हणाला? माझ्या तोंडून गेलं, घरातलं कुणीतरी साखर देतंय म्हणतो. झालं. घरात पाऊल टाकल्याबरोबर तुम्ही वहिनीला धरलंत. "व्हय गं, च्यात चोरून साखर घालतीस न्हवं? म्हातारा लौकर जावा म्हून?" ती चुलीपुढं उभी. "न्हाई वो मामंजी, देवाशप्पत न्हाई!" मी पाळण्याची दोरी ओढत राहिले. शेवटपर्यंत तुम्ही तिच्या हातचा चहा घेतला नाहीत. आधी अंगठा गेला, मग तुम्ही. तुमचा पाय मात्र रोज तीच धूत होती.

आज ती आलीय, एवढ्या वयात स्वतः शिवलेली झबली घेऊन. समोर बसून विचारतीय, "वन्सं, एवढं काय वो लिवताय?" तिला वाचून दाखवायचं म्हणूनच तर लिहायला घेतलं होतं. पण मग अजून एक सांगावं लागेल, आबा, ते तुम्हालाही ठाऊक नाही. मिरजेहून आलो त्या संध्याकाळी तुम्ही रोजच्यासारखी वाटी पुढं केलीत. नको म्हणाले असते तर का ते सांगावं लागलं असतं, आणि वहिनी सुटली असती. मी वाटी भरून दिली. पुढचे चार दिवसही दिली, मग काकवी संपली म्हणाले.

"किराणा लिवतीय," म्हणून सांगितलं तिला आत्ता.