एका बाजूची साल

हालामोआ, टोंगा
मंगळवार, १५ जुलै

प्रिय मानासे,

तुला, तुझ्या बायकोला आणि तुमच्या दोन्ही गाड्यांना माझे आशीर्वाद. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. माझा गुडघा हवामान खात्यापेक्षा खरं बोलतो, आणि करडी डुकरीण पुन्हा व्यायली. दफनभूमीतली आईची जागा कशी आहे, असं तू प्रत्येक पत्रात विचारतोस. सांगते. आधी तुझ्या पाहुण्यांचं ऐक.

ऑकलंडहून ‘उद्याचे हात’ नावाची टोळी आली होती. चौदा मुलं, चौदा पिवळे सदरे, आणि त्यांचा म्होरक्या ब्रेंडन, जो पस्तिशीतही स्वतःला त्यांच्याच वयाचा समजतो. त्यांत तुझी लेक लुपे. दोन आठवड्यांत तिवरं लावून आमचा किनारा वाचवायचा, असा बेत होता. किनाऱ्याला कळवलेलं नव्हतं.

रोज दोन तास त्यांनी चिखलात कोंब रोवायचे आणि उरलेला दिवस आम्ही त्यांचा सेवेचा शीण उतरवायचा. या सेवेपायी गावाची पाच डुकरं गेली, आणि पाद्रीबाईंच्या घरातल्या झाडून सगळ्या गाद्या. एक मुलगी मांस खात नाही. एका मुलाच्या अंगावर नारळाच्या दुधाने पुरळ उठतं. नारळाच्या दुधाने, मानासे. त्याला दोन आठवडे पाव आणि केळी घालून जगवला आणि परत धाडला, हीच या वर्षीची खरी समाजसेवा.

ब्रेंडन म्हणाला, रविवारी ओहोटी सोयीची आहे, रविवारीच लावू. पाद्री शांतपणे म्हणाले, “ओहोटीला येऊ द्या. तिला चर्चचं बंधन नाही, तुम्हाला आहे.”

एक कोंब रोवला की तीन फोटो. मागून आपला फेलेती आणि चर्चच्या तरुण मंडळाची सहा-सात मुलंमुली येऊन तिरपे कोंब सरळ करत. त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत. त्यांच्याकडे पिवळे सदरे नव्हते.

आता जागेचं. पहिल्याच दिवशी भरल्या सभागृहात ब्रेंडन हात जोडल्यासारखं करून म्हणाला, “एसेताबाई, तुमचा अनुभव मोठा. तुम्हीच सांगा, कुठे लावू?” मी धक्क्यापलीकडची पट्टी दाखवली. आणि दफनभूमीच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. ती जागा मेलेल्यांची, म्हटलं.

धक्क्यापलीकडे लाट सरळ अंगावर येते. तिथे तिवर कधी धरलेलं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण बोलणार कोण? सभागृहातली अर्धी मुलं माझ्या भावांची, चुलतभावांची. चारचौघांत आत्याला खोटं पाडणारं पोर या बेटावर अजून जन्माला यायचंय. आणि ब्रेंडन तर गावच्या वडीलधाऱ्यांचं ऐकायला लागलो म्हणून इतका खूश होता की त्याने ते लगेच वहीत लिहून घेतलं.

तुझी लेक किनाऱ्यांचंच शिकते ना विद्यापीठात? तिने एकदा दफनभूमीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग खाली मान घातली. वळण चांगलं लावलंस पोरीला. मला त्या वळणाचाच राग आला.

नऊशे कोंब लावले. निरोपाच्या जेवणात, तोंडात अळूच्या पानात शिजवलेलं लू आणि हातात माइक घेऊन, ब्रेंडन म्हणाला की तुमच्या नातवंडांना या जंगलाची सावली मिळेल. त्या वेळी समुद्र ते जंगल धक्क्याखाली आणून टाकत होता आणि आपली करडी ते खात होती. पिल्लं तिची अंगाने बरी आहेत.

टोळी गेल्या सोमवारी विमानात बसली. लुपे मागे राहिली, दोन बादल्या कोंब घेऊन. रोज सकाळी दारात उभी.

“आत्या, आज कुठे लावू?”

“कालच्याच जागी.”

“बरं, आत्या.”

आणि खरोखर जायची. फेलेती आणि त्याची मंडळीही मुकाट तिच्यामागे. दुसऱ्या दिवशी सगळं वाहून गेलेलं. पुन्हा दारात. एक बादली संपली. दुसरीतले कोंब कोमेजायला लागले. एका शब्दाने कुरकुर नाही. अरे, पिवळ्या सदऱ्यांना हसता येतं. या आज्ञाधारक पोरीला कसं हसायचं?

काल ती जाता जाता थांबली. “आत्या, रंगासाठी तिवराची साल एका बाजूचीच काढतात ना?”

“कोणी सांगितलं तुला?”

“आजीने. मी सात वर्षांची होते. दुसरी बाजू झाडाची असते, म्हणाली.”

“मग?”

“मग काही नाही. विचारलं फक्त.”

दफनभूमीच्या कडेला तिने खुंट पाहिले होते. चाळीस आहेत. वाळलेले, उघडे, आणि प्रत्येकावर सुरीची रेघ गोल फिरलेली.

आता नीट वाच. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी मी तिच्या अंत्यविधीला लागणारं सालीचं कापड करत होते, आठवतं? तू ऑकलंडहून सासरचे लोक घेऊन येणार होतास. त्यांच्यासमोर आपलं कापड आखूड पडू नये, म्हणून मी साठ हात धरलं. रंग पुरेना. लांबच्या तिवरांपर्यंत जायला वेळ नव्हता. मग जवळची सोलली, दफनभूमीपुढची, आणि सगळ्या बाजूंनी सोलली. बाकीच्या बायका घुटमळल्या. मी सुरी फिरवत राहिले. मला कोण अडवणार? तुझ्या सासूने कापडावर हात फिरवून म्हटलं, काय गडद रंग आहे. नऊ वर्षं मी ते वाक्य जपून ठेवलंय.

झाडं दोन वर्षांत मेली. गेल्या फेब्रुवारीच्या वादळात समुद्र आत आला. आईच्या पायथ्याकडची वाळू गेली, कठडा आडवा झाला. थडग्यावर पसरलेले काळे गोटे मी वेचून टोपलीत भरले. टोपली माझ्या पलंगाखाली आहे. तुला मी लिहिलं होतं, ‘जागा छान आहे, फुलं बदलली.’ पुढचं वादळ बाकीचं नेईल. ब्रेंडनच्या टोळीला त्या बाजूला मी का जाऊ दिलं नाही, हे आता विचारू नकोस. पाहुण्यांनी ते खुंट पाहिले असते, आणि गोऱ्या माणसाला प्रश्न फार असतात.

आज सकाळी लुपे दारात आली. “आत्या, आज कुठे?” मी काठी घेतली, तिची बादली उचलली आणि दफनभूमीच्या बाजूने चालू लागले. फेलेतीची मंडळी मागोमाग. खुंटांशी पोचल्यावर मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, “हे मी सोलले. धक्क्यापलीकडे काही जगत नाही, हेही मला ठाऊक होतं. लावा इथे.”

कोणी माझ्याकडे पाहीना. शेवटी फेलेती खाली वाकत म्हणाला, “म्हणजे आत्याबाई, इतके दिवस आम्ही तुमच्या डुकरिणीला चारा घालत होतो?”

“पिल्लांना तुमची नावं देते,” मी म्हटलं. तेव्हा कुठे मंडळी हसली आणि कामाला लागली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून मी चिखलात बसकण मारली. लुपे एकेक कोंब माझ्या हातात देत गेली. चार वेळा म्हणाली, “आत्या, थोडा खोल.” पोर मला उलट बोलायला लागली आहे. हळूहळू लागते सवय.

शंभर-सव्वाशे कोंब लागले. किती धरतील ते मला विचारू नकोस, मी सांगितलेल्या जागांचा अनुभव तुला आता आहेच.

हे पत्र लुपेच गुरुवारी आणेल. सालीच्या कापडाला लावतो त्याच खळीने चिकटवलंय. तिला खोदून विचारू नकोस. बापाच्या बहिणीविरुद्ध ती साक्ष देणार नाही, म्हणून मला हे स्वतः लिहावं लागलं. आणि आईची जागा पाहायची असेल तर लेकीला पाठवू नकोस. तू ये. पिवळा सदरा लागत नाही. काळे गोटे परत मांडायचे आहेत, आणि तिच्या मुलाने मांडायचे असतात.

झाडाची बाजू न राखणारी,
तुझी थोरली बहीण
एसेता