गॅसचं ग्रिल परत पाठव

सूनबाई,

मी नाकाच्या डॉक्टरकडे चालले आहे. तुझ्या नवऱ्याने विचारलं तर बाजारात गेल्या म्हणून सांग.

दुपारी दुकानाचा माणूस गॅसचं ग्रिल घेऊन येईल. ते घेऊ नकोस. म्हातारी ऐकत नाही म्हणावं, सगळं माझ्यावर ढकल. मागच्या अंगणात कोळशाची शेगडी आहे तीच बरी. तुझा नवरा म्हणेल, आई, बटण फिरवलं की पेटतं, धूर नाही, राख नाही. खरं आहे बाबा. पण राख त्याने कधी काढली तेवढं विचार.

परवा मी घरातला गॅस सोडला आणि काडी लावायची विसरले. तू आलीस, बटण बंद केलंस, खिडक्या उघडल्यास, आणि एक शब्द बोलली नाहीस. एरवी तुझी जीभ कात्रीसारखी चालते. मी तिथेच कणसं सोलत बसले होते, पण मला वासच आला नाही. त्या तापापासून नाक गेलंय. कोळसा पेटला की डोळ्यांना दिसतो, आणि डोळे अजून धड आहेत.

त्याला कळलं तर तो मला विस्तवापाशी फिरकू देणार नाही. मग मी काय दिवसभर खुर्चीत बसून माशा मारू? दमले आहे गं, पण इतकी नाही. घरातल्या गॅसला तू नसताना हात लावणार नाही. अंगणातली शेगडी तेवढी माझ्याकडे राहू दे.

रात्रीच्या माशांचा मसाला वाटून ठेवलाय. चाखून बघ. मीठ कमी असेल तर घाल, आणि मला सांगू नकोस.