चौदा अक्षरांचा जिना

३ नोव्हेंबर
आज फजिती! वाचनालयात पोचलो तर ढब्बू – चौथीपासूनचा माझा बाकसोबती – पायांकडे बघून खो खो हसतोय. "कवी, एक चप्पल कुणाला दान केलीस?" डावा पाय अनवाणी! कुठे निसटली, पत्ताच नाही. टीबीची औषधं सुरू झाल्यापासून तळव्यांना मुंग्या येतात. पण इतकं?

५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, या औषधाने कधी कधी नसांना इजा होते, म्हणून तर सोबत छोटी गोळी दिलीय. "घेता ना?" मी मान डोलावली. खोटं! एवढीशी ती, मला वाटलं टॉनिक. रोज डबीतच टाकत गेलो. हे फक्त इथे लिहितोय.

६ नोव्हेंबर
झोप लागेना. सकाळी डबी घेऊन डॉक्टरांकडे गेलो, कबूल केलं. शाळेत कविता पाठ नसली की बाईंसमोर उभा राहायचो, तसाच – तोंड खाली. "टीबीचं औषध सोडायचं नाही. छोटी आता जास्त घ्यायची. नसा सावरतील बहुतेक, पण महिने लागतील."

९ नोव्हेंबर
लेकीचा फोन. ढब्बूने चुगली केली! "बाबा, पायाखालचं कळत नाही आणि जिना उतरता? महिनाअखेर न्यायला येते. घर बंद करा."
घर बंद – म्हणजे वाचनालय बंद, ढब्बू बंद, संध्याकाळच्या कविता बंद. म्हटलं, "तू येशील तेव्हा मी एकटा खाली उतरून दाखवीन. नाही जमलं तर मुकाट्याने येईन."

१० नोव्हेंबर
मध्येच पायरी हरवली. कठडा होता म्हणून वाचलो.

१४ नोव्हेंबर
सापडलं! जिन्याला चौदा पायऱ्या – आणि वसंततिलका वृत्ताच्या ओळीत चौदा अक्षरं! बाई टेबलावर पट्टीने ठेका धरायच्या. गुरू अक्षराला दणका, लघूला नुसता स्पर्श. पायांना नाही कळत, कानांना कळतं ना? एका अक्षराला एक पायरी, मोठ्याने. ओळ संपली की जमीन! शेजारीण दार उघडून, "आजोबा, तोंडी परीक्षा आहे का?"

३० नोव्हेंबर
लेक गाडीतून उतरली. वरूनच ओरडलो, "तिथेच थांब!" चौदाही अक्षरं खणखणीत. एक चुकलं नाही! ती हसत होती की रडत, कोण जाणे. "बाबा, परत म्हणा ना." मी ओळ पुन्हा म्हटली – वर चढता चढता!
माझ्यासाठी आणलेली बॅग रिकामीच परत गेली.

१७ फेब्रुवारी
सातवी पायरी. ओळ अर्ध्यावर थांबवली. डावी चप्पल निसटत होती – आणि हे मला पायाने सांगितलं!