पिवळ्या बल्बखाली

३ जानेवारी

आमच्या चार महिन्यांच्या मुंगीचं वजन वाढत नाही, सारखी अंग घासते, म्हणून मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शी कोणत्या रंगाची होते?" मी म्हटलं, "पिवळी." किती ठामपणे! त्यांनी रंगांचं कार्ड पुढे केलं, नऊ चौकोनांचं. मी सहाव्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी पिशवीतला सकाळचा लंगोट खिडकीशी नेऊन उघडला. कार्ड त्याच्याशेजारी धरलं.

पहिला चौकोन. भिंतीला लावायच्या पुट्टीसारखा, मेलेला पांढरा.

अठरा वर्षं रंगाच्या दुकानात शेड जुळवते मी. गिऱ्हाइकं म्हणतात, बाईंची नजर म्हणजे मशीन!

४ जानेवारी

न्हाणीघरातला बल्ब!

तान्ह्या डोळ्यांना त्रास नको म्हणून तिचं सगळं त्या मंद पिवळ्या बल्बखाली. खोलीत थंडीमुळे पडदे ओढलेले. त्या उजेडात पांढरंही पिवळं दिसतं, आणि डोळ्यांतलं पिवळं दिसतच नाही. हे मला कळू नये? रोज दहा जणींना सांगते, "ताई, इथल्या दिव्यात ठरवू नका, बाहेर उजेडात चला."

लोकांच्या भिंतींसाठी उजेडात जाते. पोरीसाठी चार महिन्यांत एकदाही नाही गेले.

५ जानेवारी

नवऱ्याने पांढरी ट्यूब लावली. मुंगीला तिच्याखाली धरलं आणि म्हणाला, "आधीचाच बरा होता गं."

१६ जानेवारी

रिपोर्ट आले. आजाराचं नाव एका श्वासात म्हणता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं – यकृत पित्त बनवतं, पण ते बाहेर सोडणारं दारच मुंगीच्या यकृतात नीट झालेलं नाही. पित्त आतच साचतं, यकृताला खातं, रक्तात उतरतं. म्हणून ही खाज. दोष थोडा माझ्याकडून आला, थोडा नवऱ्याकडून. आम्ही दोघं ठणठणीत! अशा जोडप्याच्या चार मुलांत साधारण एकाला होतो म्हणे.

"लॉटरीचं तिकीट कधी लागलं नाही आपल्याला," नवरा म्हणाला. मी हसले. मग जिन्यात दोघंही रडलो.

सासूबाईंचं वेगळंच. "आमच्याकडे असलं काही नाही हो. चाळिशी उलटल्यावर पोरं काढली की असंच व्हायचं."

२२ जानेवारी

कान ओरबाडून रक्त काढलं. हातांत मोजे घातले, तर गाल उशीवर घासते. एवढ्याशा जिवाला समजावणार कसं?

३० जानेवारी

डॉक्टरीणबाईंना बल्बचं सांगून टाकलं. म्हणाल्या, "महिनाभर आधी आला असतात तरी आजार हाच होता, औषधंही हीच." ती औषधं लागू पडत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. आता ऑपरेशन. थोडं पित्त पोटावरच्या पिशवीत बाहेर काढायचं. त्यानेही भागलं नाही तर यकृतच बदलायचं.

हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. चूक माझी असती, तर निदान त्या चुकीला धरून बसता आलं असतं.

४ फेब्रुवारी

दुपारी सासूबाई न्हाणीघराच्या दारात आल्या. "ते कार्ड दाखव जरा."

रोज ताडून बघायला सांगितलंय, म्हणून आरशाशेजारी चिकटवलंय. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पहिल्या चौकोनावर बोट टेकवलं.

"अशीच व्हायची त्याला."

"कोणाला, आई?"

"ह्याच्या आधी होता एक. आठ महिन्यांचा होऊन गेला. असाच ओरबाडायचा गं. मी हात बांधून ठेवायचे त्याचे. सगळे म्हणायचे, तुझं दूधच वाईट."

सत्तेचाळीस वर्षं! पोटच्या मुलालाही कधी सांगितलं नाही.

"तुला मी बोलले ते…" एवढंच म्हणाल्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं. कार्डावरचं बोट काही काढेनात.

११ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. पिशवीत पित्त आलंय! खिडकीच्या उजेडात वाकून पाहिलं. हिरवट सोनेरी. असा रंग कुणी मागितला नाही, मीही कधी बनवला नाही.

१५ फेब्रुवारी

खाज तशीच.

२० फेब्रुवारी

तशीच. डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबा. थांबायचं म्हणजे बघत बसायचं. सासूबाई दवाखान्यातून घरी जायला तयार नाहीत. मुंगीचे मोजे धुतात, वाळवतात, घालतात. 

१ मार्च

दुपारी औषधं घेऊन वर आले, तर मुंगी गाढ झोपलेली. हात मोकळे, तळवे उताणे. "तास झाला," सासूबाई कुजबुजल्या, "एकदासुद्धा खाजवलं नाही बघ." मोजे त्यांच्या मुठीत होते.

मग म्हणाल्या, "त्याचेही हात एकदा सोडून बघायला हवे होते गं."