दप्तराचा हूक

१२ मे

ती. बाबांस सा. न.,

आणि आईलाही, कारण पाकीट आधी तीच फोडते. फोनवर तुम्ही नुसते 'हो हो' करता आणि ऐकलेलं काहीच नसतं. चाळीस वर्षं इंजिनांशेजारी उभं राहिल्यावर कान शाबूत राहणार कुठून, म्हणून यापुढे पत्रच लिहीत जाईन.

नोकरी झकास चालली आहे. नऊ रुग्णवाहिका, अकरा चालक, त्यांत बाई मी एकटी. सहा महिने उमेदवारी आहे. ऑगस्टअखेर अधीक्षक बाई ठरवतील, कायम करायचं की घरी पाठवायचं. मला हे काम मनापासून हवं आहे, बाबा. मागे कुणीतरी आडवं असतं आणि आपल्या हातात स्टिअरिंग असतं, तेव्हा मला माझ्या जगण्याचा उपयोग कळतो.

आता तुमच्या आवडीची बातमी. आमच्या मुख्य मिस्त्रींनी सगळ्या गाड्यांना थंड हवेची नवी नळी बसवली आहे. जुना फिल्टरचा डबा इंजिनाच्या तापलेल्या जागेतली हवा घ्यायचा. नवी नळी खाली उतरून बंपरच्या मागे जाते आणि फिल्टर तिच्या टोकाला असतो. हवा गार मिळते, गाडी चढावर हरणासारखी पळते. मिस्त्री स्वतःवर इतके खूश आहेत की बॉनेट उघडं टाकूनच चहा पितात. तुम्ही पाहिलं असतंत तर पाठ थोपटली असतीत.

लोभ आहेच, तो असाच चालू स्थितीत ठेवावा.

तुमची ठिणगी

१९ मे

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

पाठ थोपटायला हात उचलला होता, पण 'बंपरच्या मागे' हे शब्द वाचले आणि तो तसाच राहिला. पत्र पुन्हा वाचलं. तुझी आई म्हणाली, चेहरा असा काय झाला, पोरीनं लग्न ठरवलं की काय.

गार हवेनं गाडी पळते, हे खरं आहे. तुझा मिस्त्री गाढव नाही. पण चालू इंजिन म्हणजे तहानलेला माणूस, नळीच्या टोकाशी जे असेल ते ओढणार. पावसाच्या शिंतोड्यांचं मला काही नाही, तेवढं फिल्टर झेलतो. फिल्टर पाण्यात बुडाला की मात्र इंजिन पाणी पितं. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. पिस्टन जोरात वर येतो, पाणी हटत नाही, मग पिस्टनला खालून ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, मधल्यामध्ये वाकतो. तिथं गाडीची कथा संपली. मागे आडव्या पडलेल्या माणसाचं काय, ते तू ठरव.

एक काम कर. एक काठी घे, गाडीशेजारी उभी धर आणि फिल्टर जमिनीपासून जिथं आहे तिथं खाच पाड. ती काठी गाडीत ठेव. साचलेलं पाणी दिसलं की आधी काठी घालायची, मग गाडी.

जेवणाच्या वेळा पाळ. पत्राचं उत्तर दे, आणि खाचेची उंची कळव.

तुझा बाप

ता. क. – चेहरा खरंच तसा झाला होता. काठी घे बाई, म्हणजे हे रात्री झोपतील. – आई

३० मे

ती. बाबांस सा. न.,

काठी घेतली. जमिनीपासून एक वीत आणि चार बोटं, म्हणजे माझ्या गुडघ्याच्याही खाली. मोजल्यावर माझंही तोंड उतरलं.

मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले की त्यांनी इंजिनं उघडली तेव्हा मी रांगत होते. मग मी रीतसर अर्ज केला. आकृती काढली, उंची लिहिली आणि पावसाळ्यापुरते जुने डबे परत बसवावेत अशी विनंती केली. अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता, की चालकाचं काम चालवण्याचं आहे. वर तोंडी समजही मिळाली. चालकानं बॉनेटखाली हात घालायचा नाही, हा नियम आहे, आणि उमेदवारीत नियम मोडला तर त्याच दिवशी चावी जमा करावी लागते.

आता सगळे मला काठीवाल्या बाई म्हणतात. कालच कुणीतरी विचारलं, की म्हशी कुठे सोडल्या.

बाबा, मी हा विषय सोडते आहे. अजून तीन महिने काढायचे आहेत आणि मला कायम व्हायचं आहे. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू. तुम्ही तर लोकांची मेलेली इंजिनं उठवता. रागावू नका आणि लोभ कमी करू नका, तो मी तुमच्याकडे कायमचा ठेवलेला आहे.

ठिणगी

६ जून

चि. ठिणगीस आशीर्वाद.

'पुन्हा सेल्फ मारू' हे वाक्य मी बावीस वर्षांपूर्वी स्वतःशी बोललो होतो. म्हणून हे पत्र लिहितो आहे. दुकान बंद करून बसलो आहे, तुझ्या आईला सांगितलंय की हिशेबाचं काम आहे.

तू शाळेतून आलीस की दुकानातल्या ज्या वाकड्या हुकाला दप्तर अडकवायचीस, तो हूक नाही. तो कनेक्टिंग रॉड आहे. तेव्हा मी बस डेपोत होतो. भर पावसात एक बस पाण्यात बंद पडली आणि मला पाठवलं, कारण कुठलंही इंजिन मी चालू करतो असा माझा लौकिक होता. चाळीस-पन्नास माणसं बघत होती. इंजिन उघडून आधी पाणी काढायला हवं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्याला तास लागला असता आणि माणसं बघत होती. मी सेल्फ मारला. मग पुन्हा मारला. तिसऱ्यांदा आतून एक आवाज आला, तो माझ्या अजून कानात आहे. बाकीचं ऐकू येत नाही, तेवढा येतो.

बस बंद पडली पाण्यानं, मोडली माझ्या हातानं. मी राजीनामा देऊन स्वतःचं दुकान काढलं असं घरी सांगितलं. राजीनामा मी दिला नव्हता, तो मागितला गेला होता. रॉड तेवढा मी मागून घेतला आणि समोर टांगला. तू त्याला दप्तर अडकवलंस, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता नीट वाच. अशी नळी बहुतेक दोन तुकड्यांची असते, मधे रबरी जोड आणि त्यावर क्लिप. स्क्रू-ड्रायव्हरनं क्लिप सैल केली की खालचा तुकडा निघतो, आणि फिल्टर वरच्या तुकड्याच्या तोंडाला बसतो. हवा गरम मिळेल, ओढ थोडी कमी होईल, पण फिल्टर वर येईल. काठीला दुसरी खाच त्या उंचीवर पाड. पाणी दोन खाचांच्या मधे असेल तर पहिल्या गिअरमध्ये सावकाश जा, पुढे लाट उठू देऊ नको. दुसऱ्या खाचेच्या जवळ असेल तर जाऊच नको. आणि बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, कोणी कितीही बघत असलं तरी.

तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही. नियम मोड असं मी सांगत नाही. कधी काय करायचं, ते तुझं तू ठरवशील. हे पत्र आईला दाखवू नको.

तुझा बाप

१८ जुलै

ती. बाबांस शि. सा. न.,

चावी जमा केली आहे. घाबरू नका, आधी सगळं वाचा.

काल सकाळपासून कोसळत होता. साडेदहाच्या सुमारास मला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना आणायला पाठवलं. छातीत कळ, घामानं अंग भिजलेलं. मागे सिस्टर त्यांच्याजवळ होत्या. इस्पितळाच्या अलीकडे रेल्वेपुलाखाली रस्ता खोल जातो. तिथं पोचले तर पुलाखाली तळं झालेलं, आणि तळ्याच्या मधोमध आमचीच चार नंबरची गाडी उभी. नशीब, ती रिकामी होती. आमचे सगळ्यात जुने चालक दणक्यात आत शिरले होते. ते सेल्फ मारत होते. दुसऱ्या वेळी मी तो आवाज ऐकला, बाबा. तुम्ही लिहिला होता तोच असणार. त्यानंतर गाडी हूं की चूं करेना.

दुसरा रस्ता झाड पडून बंद झाल्याचं वायरलेसवर आधीच सांगितलं होतं. मी दोन्ही खाचा पाडलेली काठी घेऊन उतरले आणि चार नंबरच्या कडेनं चालत मधोमध गेले. पाणी पहिल्या खाचेच्या वर आणि दुसरीच्या बरंच खाली होतं. परत आले, सिस्टरना सांगितलं की थोडा वेळ लागेल, आणि बॉनेट उघडलं.

खोटं कशाला सांगू, कायम व्हायला सहा आठवडे राहिले आहेत, हे एकदा मनात आलं. मागून त्या गृहस्थांचा आवाज येत होता. मनगटावरच्या घड्याळात बघून ते दर मिनिटाला सिस्टरना वेळ सांगत होते, सवयच ती. क्लिप सैल केली, खालचा तुकडा ओढून काढला, फिल्टर वर बसवला आणि क्लिप आवळली. चार मिनिटं लागली, हे त्यांच्याकडूनच कळलं.

मग पहिला गिअर. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं आणि माझा जीव टांगणीला. चार नंबरच्या शेजारून जाताना जुने चालक खिडकीतून माझ्याकडे नुसते बघत राहिले. इंजिन एकदाही अडखळलं नाही. पलीकडचा चढ लागला तेव्हा मी गाडीत एकटी असल्यासारखी ओरडले. सिस्टरही ओरडल्या. घड्याळजींनी अकरा बावीस झाल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले की अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. घड्याळजी आता बरे आहेत.

परत आल्यावर गाडीच्या वहीत मी स्वतःच लिहिलं, की बॉनेट उघडून नळी काढली. लपवायचं नाही, हे तुमच्या पत्रानं शिकवलं. गुरुवारी चौकशी आहे. काय व्हायचं ते होवो, मी पुन्हा हेच करीन.

चावी नसली तरी लोभ चालू असावा.

ठिणगी

२६ जुलै

रा. रा. इंजिनवाले यांस,

सा. न. वि. वि. आपली ओळख नाही. मी आपल्या कन्येच्या डेपोतला मुख्य मिस्त्री. तिच्या अर्जावरचा लाल शेरा माझा आहे.

चार नंबरचं इंजिन मी स्वतः उघडलं. आतला रॉड वाकलेला निघाला. गुरुवारी चौकशीत आपल्या कन्येला काही विचारण्याआधी मी उभा राहिलो आणि ती नळी माझी, तो शेरा माझा आणि हा रॉडही माझाच, असं सांगून तो टेबलावर ठेवला. तिनं माझ्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. तो तिनं काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

अधीक्षक बाईंनी तिचा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला, मग गाडीची वही वाचली. नियम मोडल्याची नोंद तिच्या नावावर राहील, असं म्हणाल्या. त्याच नोंदीखाली त्यांनी लिहिलं, की हिला आजपासून कायम करावं. ऑगस्टची वाट पाहिली नाही. सगळ्या गाड्यांना जुने डबे परत बसवले आहेत. प्रत्येक गाडीत दोन खाचांची काठीही आहे, आणि म्हशींबद्दल आता कोणी विचारत नाही.

आपल्याकडे असाच एक रॉड आहे, असं कन्येकडून कळलं. त्याची गोष्ट तिनं सांगितली नाही, ती आपणच सांगाल म्हणाली. आपण यावं आणि आमच्या चालकांना व मिस्त्रींना ती सांगावी, ही विनंती. मी पहिल्या बाकावर बसेन.

आपला, एक चुकलेला मिस्त्री

११ ऑगस्ट

चि. ठिणगीस आईचे अनेक आशीर्वाद.

हे सुखरूप परत आले. बावीस वर्षांत डेपो दिसला की रस्ता ओलांडणारा माणूस, परवा तुमच्या डेपोच्या फाटकातून ताठ मानेनं आत गेला, हे तू पाहिलंस, मी नाही. पण परत आले तेव्हाची चाल मी पाहिली. लग्नात होती तशी होती.

घरी आल्यावर समोर बसवून मलाही सगळं सांगितलं. बस, सेल्फ, राजीनामा. सांगताना कपाळाला घाम फुटला होता. मी ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, की हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं, डेपोतल्या कारकुनाची बायको दळणाला भेटली होती. त्यांनी इतकी वर्षं का बोलली नाहीस, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच कधीतरी सांगाल म्हणून थांबले होते. त्या दिवशी भांडी त्यांनी घासली.

यांनी नेलेला हूक तुमच्या डेपोच्या भिंतीवर लागला, आणि मिस्त्रींनी त्याखाली पाटी लावली, हे त्यांनी चारदा सांगितलं. तू पहिल्याच दिवशी त्याला बॅग अडकवलीस, त्यावर मिस्त्री ओरडणार होते आणि ओरडले नाहीत, हे पाचदा सांगितलं.

इकडे दुकानातला खिळा रिकामा राहील असं मला वाटलं होतं. पण तुमच्या मिस्त्रींनी तू काढलेला नळीचा तुकडा यांना भेट दिला, तो आता तिथं लटकतो आहे. गिऱ्हाईक आत आलं की आधी नळी दाखवायची, मग पाऊस, मग पूल, मग अकरा बावीस, आणि शेवटी, पोरगी माझी, एवढंच म्हणायचं. गाडीचं काय झालंय ते त्यानंतर विचारतात. काल एक जण तिसऱ्यांदा ऐकत होता. त्याची गाडी केव्हाच दुरुस्त होऊन बाहेर उभी होती.

सुट्टी मिळाली की ये. दप्तर आणलंस तर अडकवायला जागा आहे.

तुझी आई