फायनलमधली पेनल्टी

प्रिय बाबा,

तुम्ही फेब्रुवारीत गेलात. आज इथे परदेशात, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत बसून मी तुम्हाला जिवंत ठेवलं, तेही तुमच्यावरच्या संशयापोटी. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

संशय जुना आहे. तुमच्या कॉलेजने फुटबॉलचं अजिंक्यपद मिळवलं, त्या वर्षाची गोष्ट तुम्ही किती रंगवून सांगायचात! अनवाणी खेळणं, घोट्याला गुंडाळलेल्या पट्ट्या, सेमीफायनलचा चिखल. फायनल आली की मात्र "मग काय, कप मिळाला" म्हणून पाणी प्यायला उठायचात. का? रेफ्रीला फितवलं होतंत? बाहेरचा कुणी कॉलेजचा म्हणून खेळवला होतात? आणि हेच बाबा मला चुकून मिळालेला एक मार्क परत करायला बाईंकडे पाठवतात! राग यायचा मला. विचारायचा धीर मात्र कधी झाला नाही.

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "लेले म्हणजे देवमाणूस." माझा विश्वास बसला नाही. गेलेल्या माणसाबद्दल आपल्यात वाईट कोण बोलतं?

परवा इथल्या गणपतीत खांबेटेकाका भेटले, तुमच्या टीमचे कॅप्टन. मुलाकडे राहायला आलेत. आज त्यांना कॉफीला बोलावलं.

"कसा आहे तो डांबिस लेल्या?"

"बरे आहेत," मी म्हणाले. मला खरं ऐकायचं होतं. "काका, फायनलमध्ये काय झालं होतं?"

"अजून लपवतो का? अगं, पेनल्टी घालवली त्याने! मुद्दाम! म्हणे, मला कुणी पाडलंच नव्हतं, मीच घसरलो. अरे गाढवा, रेफ्रीने दिली ना? तुला कुणी एवढं सत्यवादी व्हायला सांगितलं होतं? नशीब, शेवटी मी गोल मारला. तरी महिनाभर हॉस्टेलवर सगळे त्याला फितूर म्हणत होतो."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मित्राला झाकत तर नाहीत? नाही. त्यांना अजून खरोखरच राग होता.

बाबा, एवढंच होतं? आणि तुम्ही ते चोरीसारखं लपवलंत? मला तरी सांगायचं होतंत!

काका आता रंगात आले. "लाव त्याला फोन. व्हिडिओचा लाव, तोंडावर शिव्या देतो. साठ वर्षांच्या साचल्यात." त्यांनी हात पुढे केला.

मग मला सांगावं लागलं.

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही खरं सांगितलं नसतं."

"नसतंच सांगितलं," डोळे पुसत ते म्हणाले. "जिंकायचा गोल लेल्याने मारला, असं सांगितलं असतं."

काका दिवाळीपर्यंत इथे आहेत. मी दर रविवारी त्यांच्याकडे जाईन आणि तुमच्या वाटच्या सगळ्या शिव्या ऐकून घेईन. तुमच्या बाजूने भांडेनसुद्धा.

तुमची,
वैजू